खिशातली पिवळी पानं

पिवळा रंग एक नसतो, हे मी सव्वीस वर्षं साड्या विकून शिकलो आहे. हळदी वेगळा, लिंबू वेगळा, आंबा वेगळा. शेवंती म्हणून एक असतो, तो नवरीच्या आईला चालतो पण नवरीला चालत नाही. सोनेरी पिवळा गिऱ्हाइकाला ट्यूबलाइटखाली दाखवायचा नसतो, दारात नेऊन उन्हात धरायचा असतो. बीदरच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे आणि गादीवर बसल्या बसल्या, समोरच्या बाईनं मान कशी हलवली यावरून मी तिच्या मनातला पिवळा ओळखतो. ही बढाई आहे. पण खरी आहे.

एवढा मी पिवळ्याचा पंडित, आणि माझ्याच घरात खिडकीशी ठेवलेल्या झाडावर दिवाळीनंतर एक पिवळा उगवला, तो मला ओळखता येईना. त्या पिवळ्यावर माझी आई माझ्याकडे राहणार की परत जाणार, हे ठरणार होतं. म्हणून ही सगळी गोष्ट.

आमचं गाव निर्णा. शेती थोरला भाऊ बघतो, त्याला मी अण्णा म्हणतो. मी दहाव्या वर्षी शाळेसाठी वसतिगृहात गेलो, तिथून नोकरी, तिथून दुकान. तेव्हापासून आई आणि मी एकमेकांचे पाहुणे होतो. सणाला मी गावी पाहुणा, दवाखान्याच्या कामाला ती बीदरला पाहुणी. आईला आम्ही अव्वा म्हणतो. पाहुण्या अव्वाची पिशवी कधी पूर्ण रिकामी व्हायची नाही. चौथ्या दिवशी ती पिशवीच्या तोंडाची गाठ मारायला लागायची.

यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन बीदरला झालं. डॉक्टर म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांनी दाखवायला या. मी संधी साधली. गावी जाऊन, अण्णासमोर, वहिनीसमोर, दारात जमलेल्या अर्ध्या गल्लीसमोर हात जोडून म्हणालो, "अव्वा, आता माझ्याकडंच राहा. चाळीस वर्षं अण्णाकडं राहिलीस, मला चार तरी दे." मला नाटकी म्हणतात ते उगीच नाही. एका शेजारणीनं डोळ्याला पदर लावला होता.

अव्वानं पदर-बिदर काही लावला नाही. ती मागच्या दारी गेली आणि तेलाच्या जुन्या डब्यात लावलेलं अनंताचं रोप घेऊन आली. आमच्या घरामागे धुण्याच्या दगडाशेजारी अनंताचं मोठं झाड आहे, त्याच्या फांदीपासून तिनं हे केलं होतं. डबा ओट्यावर ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे झाड तिथं लागलं तर मी राहीन. न्हाई लागलं, तर एळवसाला रानात येणारच हाय मी. तिथनं परत बीदरला जाणार न्हाई."

"झालं," अण्णा हसत म्हणाला. "ह्येला एळवसापर्यंतचंच तिकीट मिळालं."

एळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. मार्गशीर्षात सगळं घरदार रानात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा होते, आणि बसल्या जागी झोप लागेल इतकं जेवण होतं. म्हणजे मला साडेतीन महिने होते.

बसमध्ये अव्वा खिडकीशी बसली, मांडीवर डबा. कर्नाटकात बायकांना बसचा प्रवास फुकट, तेव्हा कंडक्टरनं तिला शून्य रुपयांचं तिकीट दिलं आणि कानडीत थट्टा केली की, झाडाला मात्र अर्धं तिकीट पडेल. अव्वानं कानडीतच सुनावलं, "मी फुकट, तर माझ्या मांडीवरचं बी फुकट." पुढच्या दोन सीट हसल्या. कंडक्टर पार बीदर येईपर्यंत मागे फिरकला नाही.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. अंगण नाही. खिडकीशी सकाळचं ऊन येतं, तिथं मी सिमेंटची चांगली मोठी कुंडी आणून ठेवली. अव्वानं स्वतःच्या हातानं झाड डब्यातून कुंडीत बसवलं. दसऱ्यापर्यंत काय थाट त्याचा! गडद हिरवी पानं, तेल लावल्यासारखी. अव्वाची पिशवी रिकामी होऊन घडी घालून कपाटात गेली. घडी घातलेली ती पिशवी बघून मी दुकानात त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला न मागता सूट दिली.

आणि मग दिवाळी झाली, आणि शेंड्याजवळचं एक पान पिवळं झालं.

मी ते बघितलं तेव्हा अव्वा अंघोळीला होती. तिची अंघोळ म्हणजे अर्धा तास. मी काय केलं? शहाण्या माणसानं झाडाला काय झालं ते बघितलं असतं. मी पान खुडलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तीही खिशात. मग तो माझा नेमच झाला. अव्वा न्हाणीघरात शिरली, पाणी ओतल्याचा आवाज आला, की मी मांजराच्या पावलानं खिडकीशी. पिवळं पान दिसलं की खुड, खिशात घाल, पेपर उघडून बस. अव्वा बाहेर यायची, झाडाकडे बघायची. मी पेपरच्या वरून अव्वाकडे बघायचो.

"काय म्हणतंय झाड?" ती विचारायची.

"मजेत हाय," मी म्हणायचो.

एकदा दुकानात सुटे पैसे द्यायला खिशात हात घातला आणि चार पिवळी पानं जांभळ्या साडीवर पडली. राजेश्वर गावाहून आलेल्या एक मावशी होत्या, लेकीच्या लग्नाचा बस्ता काढायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे काय, साडीवर पानं फुकट हायेत व्हय?"

"मॅचिंग दाखवायलोय मावशी," मी म्हणालो. मावशींनी जांभळ्यावर पिवळा काठ पसंत केला. धंद्याला पानांची मदत झाली ती तेवढीच.

घरी मात्र पकडलो गेलो. माझी बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते, तिच्या नजरेतून टाका सुटत नाही, पान काय सुटणार! धुण्याला टाकलेला शर्ट हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "अवो, तुमच्या खिशात बाग कामून उगवायलीय?"

मी सगळं सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला.

"पानं लपवून झाड बरं होतंय व्हय? उद्या मला ताप आला तर थर्मामीटर लपवताल."

मग आम्ही दोघं उपचाराला लागलो, चोरून. मी बाजारातून खताची पुडी आणली. पुडीवर एक चमचा लिहिलं होतं, मी दोन घातले. आणखी पिवळं झालं. झाड उन्हात सरकवलं, सावलीत सरकवलं, पंख्यापासून दूर नेलं, परत खिडकीशी आणलं. पंधरा दिवसांत ते झाड घरात माझ्यापेक्षा जास्त चाललं. बायकोनं उकळलेली चहापत्ती घातली. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, लोखंड कमी पडलं असेल, म्हणून मी गंजके खिळे घेतले आणि अव्वा झोपलेली असताना दुपारी कुंडीत खुपसले. अकरा खिळे. अव्वाला दिसू नयेत म्हणून वरून माती सारखी केली.

झाड आणखी उघडं पडत चाललं. मी रोज दोन पानं खुडायचो, पण कमी व्हायची चार. मला वाटायचं, उरलेली आपोआप गळली असतील. गळलेली पानं जमिनीवर कुठं दिसत नाहीत, हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नाही. दुकानात साडीची एक निरी कमी असली तर ओळखणारा मी.

एळवसाला महिना उरला, तेव्हा अव्वा एका सकाळी झाडासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. त्या दिवशी दुपारी बायकोनं मला दुकानात फोन केला.

"आत्याबाईंनी पिशवी कपाटातनं काढलीय."

"भरायल्यात?"

"न्हाई. झटकून परत ठेवली. पण काढली होती."

मी गल्ला दुकानातल्या पोऱ्याकडं न देता शेजाऱ्याकडं दिला, घरी आलो, एक पान खुडलं आणि शहराबाहेरच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो. ह्या वेळी पान खिशात नव्हतं. दागिना दाखवायला न्यावा तसं रुमालात गुंडाळून नेलं होतं.

नर्सरीवाला पन्नाशीचा, माझ्याच वयाचा, पाइपानं रोपांना पाणी मारत होता. मी रुमाल उघडला नाही. आधी बोललो. माझी सवय.

"भाई, माल बघायच्या आधी ऐका. जमीन लिंबू कलर. नुसता लिंबू नाही, फिका, दोन धुण्या झालेला. आणि त्या लिंबू जमिनीवर हिरव्या बारीक रेघांची जाळी. काठापासून पदरापर्यंत जाळी तशीच ठळक हिरवी, मधला भाग तेवढा पिवळा. आणि हे नव्या मालावर. जुना, खालचा माल अजून बरा आहे."

त्यानं पाइप खाली टाकला. "क्या साहब, झाड दिखाने आए कि साड़ी बेचने?"

मग मी रुमाल उघडला. त्यानं पान उन्हाला धरलं, अगदी मी सोनेरी पिवळा धरतो तसं, आणि मला तो माणूस तिथंच आवडला.

"हौ," तो म्हणाला. "तुम बोले वोच है. ये लोहे का है." आणि त्यानं मला जे समजावलं ते असं. खालची जुनी पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील, तर पाणी जास्त झालंय किंवा झाड उपाशी आहे, किंवा पानाचं वय झालंय. पण वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. अनंताची ही खोडच आहे. त्याला आंबट माती लागते.

"खिळे घातले मी," मी म्हणालो. जरा अभिमानानं.

"कित्ते?"

"अकरा."

त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "लोहा मिट्टी में पहलेच है साहब. पन ताला लग गया. खिळे से ताला नै खुलता. पानी कौनसा डालतैं?"

"बोअरचं."

"और?"

"और काय? पाणीच."

मी मोबाइलवर कुंडीचा फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी साय धरली होती. मी ती रोज बघत होतो आणि मला ती सिमेंटची वाटत होती.

"चुन्ने का पानी डालतैं क्या?"

"चुना कशाला घालू?"

त्यानं फोटो बघितला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. तोंडाकडं नाही, कपाळाकडं. तिथं सकाळची विभूती होती, तीन आडवी बोटं.

"ये लगाए सो कायका है?"

"विभूती."

"राख?"

"राखच."

"इसका पानी किधर जाता?"

मी कपाळावरची विभूती बोटानं चाचपली.

आम्ही लिंगायत, घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्यानं न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं. विभूतीची वडी पाण्यात भिजवून हात माखतो, तोही त्याच पाण्यात धुतो. खाली ताटात जमलेलं हे पाणी पायदळी पडू द्यायचं नसतं. निर्ण्याला विहिरीजवळ कण्हेर आहे, तिच्या बुडाला सगळ्या घराचं पाणी जायचं. बीदरला पहिल्या मजल्यावर कण्हेर कुठली? आजवर मन मारून मोरीत ओतत होतो. घरात माती म्हणाल तर ती एकच, अनंताच्या कुंडीतली. अव्वा आली त्याच आठवड्यापासून माझ्या पूजेचं तांब्याभर पांढुरकं पाणी मी रोज अनंताला घालत होतो. भक्तीनं.

घरी येऊन बायकोला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "गुन्हेगार सापडला. मी."

ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. "तुमी सहाला घालता? मी सातला घालते की! मला वाटलं, तुमी मोरीत टाकायलाव म्हणून मी आपलं झाडाला..."

आम्ही दोघांनी एकदम आतल्या खोलीकडं बघितलं. नऊ वाजता, अर्ध्या तासाच्या अंघोळीनंतर, अव्वाची पूजा. तिचा तांब्या आमच्या दोघांच्या तांब्याएवढा.

म्हणजे रोज तीन वेळा राखेचं पाणी, आणि त्यावर बोअरचं जड पाणी वेगळं. दोन्ही चुन्यासारखीच, मातीचा आंबटपणा मारणारी. आम्ही तिघं मिळून झाडाला भस्मस्नान घालत होतो आणि ते लोहासाठी तडफडत होतं.

आता हे अव्वाला सांगायचं कसं? मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला आणि ठरवलं की सगळा दोष एकट्यानं घ्यायचा. जेवण झाल्यावर मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो. "अव्वा, मी तुझ्या झाडाला विष घातलं."

"बस खाली आधी," अव्वा म्हणाली. "काय घातलंस?"

मी पूजेच्या पाण्याचं सांगितलं. माझ्या पूजेच्या, फक्त माझ्या. अव्वा ऐकत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू कठीण झाला.

"म्हणजे शिवाच्या पाण्यानं झाड मरायलंय म्हणतोस तू?"

माझ्या तोंडून "तसं नव्हं, म्हणजे तसंच, पण तसं नव्हं" असं काहीतरी बाहेर पडायला लागलं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"आत्याबाई, शिवाच्या पाण्यानं न्हाई. राखेनं. मी भांडी घासायची राख रोज झाडाला घातली असती, तर तुमी मला सोडलं असतं का?"

अव्वानं क्षणभर विचार केला. "न्हाई."

"मग!"

"पण मी बी घालायले होते की," अव्वा म्हणाली.

"आमाला ठावं हाय," मी म्हणालो.

"मग एकट्यानं कामून उड्या मारायलास?" आणि ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

रविवारी दुपारी कुंडी गच्चीवर नेली. नर्सरीवाल्यानं लाल माती दिली होती, बीदरच्या माळावरची, थोडं पालापाचोळ्याचं खत आणि जाड वाळू. एक छोटी तपकिरी पुडी दिली होती, झाडाला पचेल अशा लोहाची, तांब्याभर पाण्यात चिमूटभर, पंधरा दिवसांतून एकदा. आणि बजावून सांगितलं होतं की पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडं बघत बसू नका. नवं पान कसं येतं ते बघा. दोन महिन्यांत झाड सावरेल.

मी बाह्या वर सारल्या. पण अव्वा मला कुंडीला हात लावू देईना.

"तू सर. मी करते. तुझ्या हातनं मुळं तुटतील."

"अव्वा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, धूळ जाईल. तू खुर्चीत बस."

"सर म्हणते ना!"

एवढा आग्रह कशाला, ते मला कळेना. शेवटी बायकोनंच कुंडी आडवी केली आणि बुडावर दोन थापट्या दिल्या. सगळा गोळा बाहेर आला. कुंडीचं खालचं भोक पार बुजलेलं होतं, खालची माती चिखल, दोन-चार मुळं काळी पडून वास मारत होती. बायकोनं वरची माती हातानं मोकळी केली.

पहिला खिळा निघाला. मग दुसरा.

"हे कुणाचे?" अव्वानं विचारलं.

मी आकाशाकडं बघितलं. बीदरला हवाई दलाचा तळ आहे, आकाशात सारखी विमानं असतात, त्या दिवशी नेमकं एकही नव्हतं.

मग चहापत्तीचा थर निघाला. "हे माझं," बायको आपणहून म्हणाली.

आणि त्याच्या खाली, मातीत खोल, बोटानं खुपसून ठेवलेली, विड्यासारखी गुंडाळलेली पिवळी पानं. एक नाही, दोन नाही. बायको काढत गेली आणि गच्चीवर मांडत गेली. काही कुजून काळी झाली होती, काही परवाचीच ताजी होती. माझ्या खिशात आली नव्हती ती सगळी पानं तिथं होती.

मी अव्वाकडं बघितलं. अव्वा पाण्याच्या टाकीकडं बघत होती, जणू टाकी ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

"अव्वा?"

"खत होतंय पानाचं," ती टाकीला म्हणाली.

"अव्वा, इकडं बघ. तू पानं खुडायली होतीस?"

"तू दुकानाला गेल्यावर."

"कामून?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुला दिसलं असतं तर तू म्हणला असतास, झाड लागलं न्हाई, बोलल्याप्रमाणं चल. एळवसाला सोडून आला असतास मला."

"मी? मी सोडून आलो असतो? अगं, अट तू घातली होतीस!"

"बोलून बसले ना बाबा चारचौघांत. सगळी गल्ली उभी होती. तूच गोळा केली होतीस, हात जोडून. आता शब्द मागं कसा घ्यावा माणसानं?"

मी खिशात हात घातला. त्या सकाळची दोन पानं होती, सवयीनं खुडलेली. ती मी तिच्या पानांशेजारी मांडली. अव्वानं ती बघितली, माझा खिसा बघितला, आणि तिला समजायला फार वेळ लागला नाही. ती खुर्चीत मागं रेलून एवढी हसली की मला तिच्या ऑपरेशनच्या डोळ्याची काळजी वाटली.

"ह्या दोघांनी मिळून उघडं केलं की रे तुला लेकरा," बायको झाडाला उद्देशून म्हणाली आणि काळी मुळं कात्रीनं कापायला लागली.

मग काम झालं. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा, त्यावर वाळू, त्यावर लाल माती. झाड बसवलं ते अव्वानंच. पाण्याचा नियम ठरला. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं, ओलं लागलं तर पाणी नाही. बोट घालण्याचा मान अव्वाचा, बाकी कुणी कुंडीजवळ तांब्या घेऊन दिसलं तर तिची हाक घरभर घुमायची. पाणीसुद्धा बोअरचं नाही, प्यायचं फिल्टरचं. पूजेच्या पाण्यासाठी नर्सरीवाल्याकडून कण्हेर आणली. तिला राख, चुना, जड पाणी कशाचंच वावडं नाही. ती गच्चीवर एका जुन्या पिंपात लावली. आता आम्ही तिघंही आपापला तांब्या घेऊन जिना चढतो.

अठराव्या दिवशी दुकानात फोन आला. अव्वा स्वतः. ती फोनवर ओरडूनच बोलते.

"ये."

"काय झालं?"

"ये म्हणते ना. दुकान सोड, ये."

समोर पैठणीची घडी उलगडलेली होती. ती तशीच गिऱ्हाइकाच्या मांडीवर सोडून मी पळालो. घरी अव्वा खिडकीशी उभी होती, चष्मा कपाळावर, बोट शेंड्याकडं. शेंड्यावर करंगळीच्या नखाएवढं पान उमललं होतं. मी ते उजेडाला तिरपं धरून बघितलं. जाळी नाही, रेघ नाही. सबंध हिरवं.

"कसलं हाय?" तिनं विचारलं. कापडवाल्याचं मत हवं होतं तिला.

"प्लेन," मी म्हणालो. "एकदम प्लेन पोपटी. पक्का रंग."

एळवसाला आम्ही निर्ण्याला गेलो. हरभरा गुडघ्याएवढा, ज्वारी डोक्याएवढी. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, अंबील वाढलं गेलं, डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीवर तेल सोडलं, बाजरीचे वाफवलेले उंडे आले. अण्णा माझ्याशेजारी बसला होता. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, कारण आमच्या घरात अशा गोष्टी हळू विचारायची पद्धतच नाही.

"मग अव्वा? झाड लागलं का? का आणू तुझी पिशवी गाडीतनं?"

खोपीत सगळे थांबले. वहिनी वाढता वाढता थांबल्या. माझ्या हातातला उंडा तोंडापर्यंत जाऊन थांबला.

अव्वानं शांतपणे भज्जी कालवली.

"आजारी हाय झाड," ती म्हणाली. "लोह कमी पडलंय. औषध चालू हाय. पंधरा दिवसाला पाजावं लागतंय, बोट घालून बघावं लागतंय. ह्या दोघांना जमत न्हाई. अर्धवट सोडून कसं येऊ?"

"मग किती दिवस लागतील?" अण्णानं विचारलं.

"नर्सरीवाला म्हणला, चार-पाच वर्षं लागतील."

मी अण्णाकडं बघितलं नाही. बायकोकडं तर मुळीच बघितलं नाही. हातातला उंडा तोंडात घातला आणि वहिनींना म्हणालो, "वहिनी, भज्जी आणखी वाढा."